हलकेपणाचा ध्यास

रविवारची सकाळ. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातले धुके अजून पुरते विरलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्या स्नेटर्टनच्या तळावरून अमेरिकन बॉम्बफेकी विमाने जर्मनीकडे झेपावत, त्याच जागेवर आता मोटार शर्यतींचा वळणावळणांचा ट्रॅक आहे. फाटकातून एकेक गाडी आत येते आहे. चालवणारे कोणी शर्यतपटू नव्हेत. कोणी दंतवैद्य, कोणी शाळामास्तर, कोणी नळ दुरुस्त करणारा. गाडी उभी केली की प्रत्येकाचे पहिले काम एकच, डिकी रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, पाने, छत्री, मुलांचे खेळणे, पायाखालची जाजमे, सगळे बाहेर. मग टायरची हवा तपासायची, चाकांचे नट आवळायचे, हेल्मेट चढवायचे, गाडीचा आवाज ठरलेल्या मर्यादेत आहे ना याची परीक्षा द्यायची आणि ट्रॅकवर उतरायचे. ही शर्यत नव्हे. इथे पहिला नंबर नाही, करंडक नाही, बहुतेक ठिकाणी घड्याळ लावायलाही मनाई. रस्त्यावर जे करता येत नाही आणि करूही नये, ते पैसे भरून, नियम पाळून, सुरक्षित जागी करण्याचा हा दिवस. तिकडे याला ट्रॅक डे म्हणतात.

या छंदात नव्याने शिरणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो गाडी कोणती घ्यावी आणि तिची तयारी कशी करावी हा. आपल्यासारख्या सामान्य माणसाचे उत्तर ठरलेले असते. सगळ्यात मोठे इंजिन असलेली! पण जाणकार मंडळी मान हलवतात. ती म्हणतात, आधी वजन बघा. हे उत्तर आज सगळ्यांच्या तोंडी आहे; पण ते आयुष्य पणाला लावून ज्याने सिद्ध केले, तो माणूस लंडनमधल्या एका हॉटेलवाल्याचा मुलगा होता. त्याचे नाव कॉलिन चॅपमन.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा. उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात त्याच्या वडिलांचे रेल्वे हॉटेल नावाचे हॉटेल होते. मुलगा हुशार, बोलण्यात चतुर आणि कमालीचा उतावळा. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तो इंजिनिअरिंग शिकू लागला, तेही मोटारींचे नव्हे, तर इमारती आणि पूल बांधण्याचे. विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायलाही शिकला. हे दोन्ही ध्यानात ठेवायला हवे. पूल बांधणाऱ्याला प्रत्येक तुळईवर नेमका किती भार येतो याचा हिशेब करावा लागतो आणि विमान बांधणाऱ्याला प्रत्येक छटाकभर वजनाचा. चॅपमनच्या डोक्यात हे दोन हिशेब एकत्र आले.

कॉलेजात असतानाच एका मित्राच्या भागीदारीत तो जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करू लागला. युद्ध नुकतेच संपलेले, नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यांना भाव होता. हातात पैसा खुळखुळू लागला. आणि १९४७ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने खासगी गाड्यांचे पेट्रोलचे रेशनच बंद केले. एका रात्रीत धंदा बसला. पडेल त्या भावाने गाड्या विकून टाकाव्या लागल्या. कमावलेले बहुतेक सगळे गेले. उरली फक्त एक गाडी, जिला कोणी हातही लावेना. साधारण १९३० सालची ऑस्टिन सेव्हन.

ऑस्टिन सेव्हन ही ब्रिटनच्या गरीब कारकुनाची गाडी. १९२२ साली बाजारात आली आणि १९३९ पर्यंत लाखोंनी खपली. इंजिन अवघे ७४७ सीसीचे. आज आपल्याकडे याहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकली रस्त्यावर दिसतात. अशी ती न खपलेली गाडी त्याने मैत्रिणीच्या, म्हणजे हेझेल विल्यम्सच्या, घरामागच्या गॅरेजात नेली. तिची जुनी बॉडी काढून फेकली. आतला सांगाडा ठेवला आणि त्यावर विमानाच्या धर्तीची, प्लायवूडवर ॲल्युमिनियमचा पत्रा डकवलेली नवी बॉडी चढवली. ही बॉडी नुसती झाकण म्हणून नव्हती. तिच्यातले आडवे पडदे सांगाड्याला ताठपणा देत होते. म्हणजे एकाच वस्तूकडून दोन कामे. संसारात काटकसरी गृहिणी जे करते तेच! १९४८ साली तयार झालेल्या या गाडीला त्याने नाव दिले लोटस. कमळ! हे नाव त्याने का निवडले हे त्याने कधी उघड केले नाही. हेझेलला तो लाडाने कमळाची कळी म्हणत असे, त्यावरून हे नाव आले असा एक प्रवाद आहे. हेझेल पुढे, १९५४ मध्ये, त्याची पत्नी झाली.

ती पहिली गाडी चिखलातून टेकड्या चढण्याच्या स्पर्धांसाठी होती. दुसरी गाडी घेऊन तो १९५० साली सिल्व्हरस्टोनच्या एका क्लबच्या शर्यतीत उतरला आणि तिथे त्याने चक्क एका बुगाटीला मागे टाकले. त्या दिवसापासून चिखल सुटला आणि ट्रॅकचे वेड लागले.

आता इथे थोडे थांबून वजनाची गोष्ट नीट समजावून घेऊ. कारण ती समजली नाही, तर चॅपमनचे सगळे आयुष्य म्हणजे एका विक्षिप्त माणसाचा हट्ट वाटेल.

इंजिनाची ताकद वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर वेगाने जाते. पण ट्रॅक म्हणजे सरळ रस्ता नव्हे. तिथे दर थोड्या अंतरावर वळण येते. वळणाआधी ब्रेक मारायचा, वळायचे, पुन्हा वेग घ्यायचा. मोठे इंजिन या तीनपैकी फक्त शेवटच्या कामात मदत करते. आणि ते स्वतः जड असल्याने पहिल्या दोन कामांत उलट अडथळाच आणते. वजन कमी केले, तर तिन्ही कामे सोपी होतात. शिवाय टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागते. आणि ब्रेकचे तर विचारूच नका. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना ब्रेकला चौपट ऊर्जा गिळावी लागते, तिची उष्णता होते. चांगली दणकट घरगुती गाडी ट्रॅकवर नेली, तर चार-पाच फेऱ्यांतच ब्रेकमधले ऑइल उकळू लागते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला की पेडल लोण्यात सुरी जावी तसे खाली जाते. म्हणून तर ट्रॅकवर जाणाऱ्याला जाणकार सांगतात की इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेकचे ऑइल बदला, उष्णता सोसणारे पॅड बसवा, टायर चांगले घ्या. ताकद वाढवण्याचा विचार सगळ्यात शेवटी. हलक्या गाडीला हा खर्चही कमी येतो, कारण तिच्या ब्रेकवर मुळात भारच कमी.

पण वजन कमी करणे म्हणजे हाताला लागेल ते काढून टाकणे नव्हे. चॅपमनचे खरे कसब इथे होते. सांगाडा हलका हवा आणि ताठही हवा. सांगाडा पिळवटू लागला, तर चाकांची जमिनीवरची पकड कुठल्या कुठे जाते, मग स्प्रिंगा कितीही उत्तम असोत. त्याचा कल असा, की सांगाडा ताठ ठेवावा म्हणजे स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि चाक रस्ता सोडत नाही. शर्यतीची गाडी म्हणजे दगडासारखी कडक, ही समजूत त्याने खोटी ठरवली. त्याच्या गाड्या वळणावर चिकटून जात आणि तरी अंग मोडून काढत नसत.

१९५१ साली त्याने तिसरी गाडी बांधली. ७५० मोटर क्लब नावाची एक हौशी मंडळींची संस्था होती. ऑस्टिन सेव्हनवर बांधलेल्या स्वस्त गाड्यांच्या शर्यती ती भरवी. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत घ्यायला दारे दोनच. दोन-दोन सिलिंडर एका दारात भांडत. चॅपमनने नियमपुस्तक वाचले. दारे वाढवायला बंदी होती. पण दारापर्यंत येणाऱ्या नळीत मध्ये पडदा घालायला बंदी असल्याचे कुठे लिहिलेले नव्हते! त्याने पडदा घातला, जणू चार दारे झाली आणि बाकीचे स्पर्धक धुळीला मिळाले. क्लबने पुढे नियम बदलून हा पडदा बेकायदा ठरवला. हे त्याच्या बाबतीत आयुष्यभर होत राहिले. तो नियमातली फट शोधायचा आणि नियमवाले ती बुजवायचे.

१ जानेवारी १९५२ रोजी त्याने धंदा सुरू केला. भांडवल हेझेलने दिलेले २५ पौंड आणि जागा वडिलांच्या हॉटेलमागचा घोड्यांचा तबेला. दिवसा ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी, रात्री तबेल्यात काम. इथे जन्मली लोटस मार्क सिक्स. आणि माझ्या मते चॅपमनची सगळ्यात महत्त्वाची गाडी हीच, ग्रां प्री जिंकणाऱ्या पुढच्या गाड्या नव्हेत. पोलादाच्या बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून त्याने एक पिंजरा केला, पूल बांधतात तसा. नुसता पिंजरा भरला अवघा २५ किलो, गव्हाच्या अर्ध्या पोत्याइतका! बाकीचे सामान मोडीत निघालेल्या फोर्ड गाडीतून घ्यायचे. फोर्डचा पुढचा अखंड ॲक्सल त्याने मधोमध कापला, दोन तुकडे बिजागरीने जोडले आणि दोन्ही चाकांना स्वतंत्र हालचाल मिळवून दिली. महागडी वस्तू विकत आणण्यापेक्षा स्वस्त वस्तू कापून शहाणी करणे हा त्याचा बाणा.

आणि ही गाडी तो तयार विकत नसे, सुट्या भागांत विकी. त्यालाही कारण होते. पूर्ण गाडीवर जबर खरेदी-कर असे, सुट्या भागांवर नसे. गिऱ्हाइकाने पेटी घरी न्यायची आणि स्वतः जोडायची. १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनने तर या प्रकाराला कळसच चढवला. तयार गाडी करासह १०३६ पौंड, पेटीतली ५३६! वजन सुमारे ५०० किलो, दार नाही, धड छप्पर नाही, डिकी नावालाच. कराच्या नियमाप्रमाणे पेटीबरोबर जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचे, असे सांगतात. खरे-खोटे असो, गोष्ट चॅपमनला शोभते.

या पेट्यांनी एक मोठी गोष्ट केली. तोवर शर्यतीची गाडी ही जमीनदारांच्या, कारखानदारांच्या मुलांची मिरास होती. आता पगारदार तरुण घराच्या आवारात पाने घेऊन बसू लागला. शनिवारी-रविवारी वडील-मुलगा मिळून नट आवळू लागले. त्याच गाडीने आठवडाभर कामावर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी तीच ट्रॅकवर न्यायची. गाडीचा प्रत्येक बोल्ट आपल्या हाताने लावलेला, त्यामुळे बिघाड कुठे असेल हे डोळे मिटूनही कळे. ट्रॅकसाठी गाडी निवडताना आजही हेच तीन निकष लावतात. वजनाला हलकी, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे आणि आपटली तर घर विकावे लागणार नाही अशी.

चॅपमन स्वतःही उत्तम चालवी. १९५६ साली फ्रान्समध्ये ग्रां प्रीत व्हॅनवॉल गाडी चालवण्याची संधी त्याला मिळाली होती, पण सरावातच आपल्याच संघाच्या गाडीवर तो आदळला आणि शर्यत हुकली. पुढे त्याने चालवणे दुसऱ्यांवर सोपवले. त्यानंतरची कथा जगाला ठाऊक आहे. १९६० साली मोनॅकोत स्टर्लिंग मॉसने लोटसला पहिली ग्रां प्री जिंकून दिली. १९६२ मध्ये चॅपमनने नळ्यांचा पिंजराही काढून टाकला आणि पत्र्याच्या पेटीलाच सांगाडा केले. या गाडीत स्कॉटलंडचा मेंढपाळ शेतकरी जिम क्लार्क जवळजवळ आडवा पडून बसे आणि १९६३ साली तो जगज्जेता झाला. १९६५ मध्ये पुन्हा. त्याच वर्षी अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यतही त्याने मारली. सहा वेळा चालकांचे आणि सात वेळा संघांचे जगज्जेतेपद लोटसकडे आले. गाडी जिंकली की चॅपमन रेषेपाशी धावत येऊन आपली काळी टोपी हवेत भिरकावी. ती टोपी उडताना पाहायला लोक जमत.

पण या टोपीची एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही.

१९६० च्या जूनमध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे एकाच दिवशी सरावात दोन लोटस मोडल्या. मॉसच्या गाडीचे मागचे चाक निखळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. माइक टेलर नावाच्या तरुणाचे स्टिअरिंगच तुटले. त्याची कारकीर्द तिथेच संपली. तेव्हापासूनच कुजबुज सुरू झाली की चॅपमन वजन जरा जास्तच काढतो. १९६८ च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला क्लार्क गेला. मागच्या टायरमधली हवा गेली असावी, असा तर्क आहे. गाडीचा दोष सिद्ध झाला नाही, पण भावासारखा मित्र गेल्याने चॅपमन आतून मोडला. १९६९ मध्ये बार्सिलोनाला त्याच्या दोन्ही गाड्यांचे मागचे पंख धावता धावता तुटले. त्यातला एक चालक योखेन रिंट. त्या अपघातानंतर रिंटने चॅपमनला पत्र लिहिले. आशय असा, की तुमच्या गाड्या एवढ्या वेगवान आहेत की कमकुवत भागांवर चार पौंड जास्त घातले तरी आपणच पुढे राहू.

चार पौंड! त्या पत्रातली ती मागणी किती लहान होती.

पुढच्या वर्षी चॅपमनने लोटस ७२ आणली. त्या काळाच्या कितीतरी पुढची गाडी. पुढचे ब्रेक त्याने चाकांतून काढून गाडीच्या अंगात नेले, म्हणजे चाक हलके होऊन रस्त्याला नीट चिकटते. कल्पना अचूक होती. पण आता चाक आणि ब्रेक यांना जोडायला एक दांडी लागली आणि ब्रेकचा सगळा जोर त्या दांडीवर आला. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझाच्या सरावात एका वळणाआधी रिंटने ब्रेक मारला, तेव्हा ती दांडी तुटली. गाडी कठड्यावर गेली. कठडा नीट बसवलेला नव्हता, हेही चौकशीत निघाले. रिंटने पट्ट्यांपैकी मांड्यांमधला पट्टा बांधलेला नव्हता. आगीत चटकन बाहेर पडता यावे म्हणून तो ते टाळी. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि रिंट वाचला नाही. त्याने तोवर मिळवलेले गुण इतके होते, की उरलेल्या शर्यतींतही कोणी त्याला गाठू शकले नाही. जगज्जेतेपदाचा करंडक त्याच्या पत्नीने, नीनाने, स्वीकारला.

चॅपमन निष्काळजी होता का? मला तसे म्हणवत नाही. पूल बांधणाऱ्याला भार आधी मोजता येतो. शर्यतीच्या गाडीवर उद्या कुठला भार येईल हे त्या काळी पुरते मोजता येत नव्हते, आणि तो नेहमी मोजता येईल त्या कडेवर काम करी. पण कडेवर बसलेला तो नव्हता, दुसरा कोणी होता, हेही तितकेच खरे. आज ट्रॅक डेला येणारा माणूस मागचे आसन काढतो, स्टेपनी काढतो, आणि त्याच वेळी पाठीमागे पोलादी कमान बसवतो, चार-सहा पट्ट्यांचा कंबरपट्टा बसवतो, स्टिअरिंगचा प्रत्येक सांधा हाताने हलवून बघतो. काढलेल्या वजनातले काही पौंड तो परत घालतो. हे पौंड रिंटच्या पत्रातले आहेत.

१९७८ मध्ये गाडीखालून जाणाऱ्या हवेनेच गाडी जमिनीला ओढून धरणारी लोटस ७९ आली आणि मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. त्याच वर्षी मोंझाच्या अपघातानंतर रॉनी पीटरसन दगावला. आनंद आणि दुःख पुन्हा हातात हात घालून आले. मग चॅपमन डिलोरियन मोटारीच्या भानगडीत सापडला. त्या कंपनीचे सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर एका पनामातल्या कागदी कंपनीमार्गे गडप झाले. चॅपमनच्या हिशेबनीसाला १९९२ साली तुरुंगवास झाला, तेव्हा चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षांची सजा झाली असती, असे न्यायाधीशांनी नमूद केले. नियमातली फट शोधायची सवय माणसाला कुठवर नेते, कोण जाणे.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात एलिओ दे आंजेलिसने लोटस अवघ्या ०.०५ सेकंदाने जिंकवली. काळी टोपी हवेत उडाली. त्यानंतर ती उडाली नाही. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेला. वय अवघे ५४.

लोटस सेव्हन मात्र गेली नाही. १९७३ साली ब्रिटनमध्ये नवा कर आला आणि पेटीतल्या गाडीची सवलत संपली. चॅपमनला तिच्यात रस उरला नव्हता. केटरहॅम गावच्या एका विक्रेत्याने तिचे हक्क विकत घेतले आणि तीच गाडी, थोडेफार बदल करून, बनवत राहिला. स्नेटर्टनच्या त्या धुक्यातल्या सकाळी रांगेत बिनदाराच्या, बुटक्या, डोळे वटारलेल्या बेडकासारख्या दिसणाऱ्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात, त्या याच वंशातल्या. तिथून थोड्याच अंतरावर हेथेल इथे, दुसऱ्या एका जुन्या विमानतळावर, १९६६ साली चॅपमनने आपला कारखाना थाटला होता.

आणि ती पहिली, कोणी विकत न घेतलेली ऑस्टिन? चॅपमनने ती १९५० साली मासिकात जाहिरात देऊन विकली. उत्तर इंग्लंडकडे कुठेतरी गेली, एवढाच तिचा माग लागतो. २०१८ मध्ये लोटसला सत्तर वर्षे झाली, तेव्हा चॅपमनच्या मुलाने, क्लाइव्हने, लोकांना आवाहन केले, की आपापल्या शेडमध्ये, गॅरेजात, गोठ्यात एकदा नीट बघा, कुठे ताडपत्रीखाली ती प्लायवूडची गाडी उभी आहे का.